तिसऱ्या वर्षाची यादी

मन्मथ, तुला मातीत बसवून आज नववा दिवस. पेपरवाल्यांनी तुझ्यावर एक चौकट छापली. त्यात तू तेलबियांचा जुना व्यापारी, देवस्थान कमिटीचा सभासद आणि मनमिळाऊ स्वभावाचा माणूस एवढाच उरलास. बास्केटबॉलचं नावसुद्धा नाही. मनमिळाऊ म्हणे! मी चिडून त्या पेपरला फोन लावायला बसलो, तर सुनेनं फोन काढून घेतला. म्हणाली, "पप्पा, माणूस गेला. आता कशाला भांडता?" तिला कसं सांगू, आपण दोघं जन्मभर भांडूनच बोललो. भांडण नसलं की आपल्याला बोलायला विषय सापडत नसे.

शेवटचं भांडणही अर्धवटच राहिलं. पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या खाटेजवळ बसून मी पुन्हा तेच विचारलं, "त्या दिवशी शेवटचा पास मला का दिलास?" तुला धाप लागत होती, तरी हसलास. "मोकळा होतास म्हणून दिला," म्हणालास. "शंभरदा सांगितलं." मी म्हणालो, खोटं बोलतोस. तू डोळे मिटलेस आणि हातानं मला जा म्हणून सांगितलंस. मी रागारागात चपला घातल्या. रेणापूरच्या फाट्यापर्यंत स्कूटरवर मनातल्या मनात तुझ्याशी भांडत गेलो. परत येईन तेव्हा पुढचं बोलू, असं धरून चाललो होतो.

आज ते पुढचंच लिहितोय. तू ऐकून घ्यायचं, मधे बोलायचं नाही. तेवढी सोय आता झाली आहे.

आपला मार्केट यार्डाचा संघ आता कुणाला आठवतो? डाळ मिलच्या शेठना खेळाचं वेड होतं. खेळणारी पोरं हेरून ते मिलमध्ये कामाला लावत. नावाला काम पोती मोजायचं, खरं काम संध्याकाळी पाच वाजता मिलमागच्या मुरमाच्या ग्राउंडवर सुरू व्हायचं. चेंडू रिंगमध्ये टाकायचा पगार मिळतो, हे माझ्या बापाला मरेपर्यंत पटलं नाही. रेणापूरला गेलो की तो लोकांना सांगायचा, "पोरगा वजनकाट्यावर हाय." रिंग मिलच्याच फिटरनं वेल्डिंग करून दिली होती आणि जाळी होती सुतळीची. चेंडू नीट आत गेला की पोतं झटकल्यासारखा आवाज व्हायचा. तसा आवाज काढावा तो जिलानीनंच. कळंबच्या पुढच्या एका खेड्यातला हडकुळा, डावखुरा पोरगा. मिलच्या खोलीत राहायचा, तिथंच स्टोव्हवर खिचडी टाकायचा. तू कप्तान, तो तुझा उजवा हात. म्हणजे खरं तर डावा.

सलग दोन वर्षं विभागाचा करंडक आपण आणला. "आपण" म्हणतो खरं, पण दोन्ही करंडक मी बाकावर बसून जिंकले. जिलानीची आणि माझी जागा एकच होती. तो दमला की मी उठायचो, आणि तो मेला दमायचाच नाही. टॉवेल द्यायचा, लिंबं चिरायची, शेवटची दोन मिनिटं मिळाली तर मिळाली. मिरवणुकीत ट्रकवर मीही उभा असायचो, मलाही गुलाल लागायचा. घरी येऊन तो धुताना मात्र वाटायचं, हा आपल्याला चुकून लागलाय.

मग तिसरं वर्ष आलं. जुन्या जिल्ह्यातून फुटून लातूर नवा जिल्हा झाला. यार्डात पेढे वाटले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, जो तो उठता-बसता "आपला जिल्हा, आपला जिल्हा" करू लागला. आणि त्याच वर्षी पावसानं तोंड फिरवलं. दिवाळीतच विहिरींचे तळ दिसू लागले.

तुला आपला पाण्याचा नियम आठवतो का? तुझाच तो. मुरमाचं ग्राउंड रोज शिंपलं नाही तर फुटतं, म्हणून प्रत्येकानं येताना घरून एक कळशी सांडपाणी आणायचं. अंघोळीचं, भांड्यांचं, कसलंही. पाणी नाही तर खेळ नाही. कळशा आपण ओळीनं ओतायचो, मग रोलर, मग फक्कीच्या रेषा. त्या वर्षीही आपण पाणी आणत राहिलो. एका संध्याकाळी तुझी आई, अव्वा, ग्राउंडवर आली. डोक्यावर पदर, कपाळावर विभूती, हातात रिकामी घागर. सगळ्यांसमोर म्हणाली, "मन्मथ, गल्लीतल्या बाया सकाळधरनं टँकरची वाट बघायल्यात. आन् तुमी मातीला पानी पाजायलात व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून तू पाणी बंद केलंस. मी तुझ्याशी कडकडून भांडलो. सांडपाणी आहे, ते कोण पिणार होतं? सलग दोन वर्षांचे विजेते आपण, तिसऱ्या वर्षी काय धुळीत लोळायचं? तू म्हणालास, "कुनी पिनार न्हाई, खरंय. पन त्यान्ला दिसतंय ना, दत्ता." आठवड्याभरात ग्राउंडला भेगा पडल्या. टप्पा कुठून कुठं जाईल याचा नेम राहिला नाही, सगळ्यांचे गुडघे सोलले. पण त्या दिवसापासून यार्डात एक बोलणं रूढ झालं की मन्मथ एकदा बोलला म्हणजे बोलला, मग त्यात स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल. हे बोलणं पुढं तुला किती महागात पडणार होतं, ते तेव्हा ना तुला ठाऊक ना मला.

त्या पाण्यावरून आपण म्हातारपणापर्यंत भांडलो. अलीकडे लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू सकाळीच फोन केलास, "काय दत्ता, टाकतोस का ग्राउंडला एक कळशी?" आणि माझं काही न ऐकता ठेवून दिलास. तिथं माझी हार मी कबूल करतो. अव्वाचंच बरोबर होतं.

आता यादीचं. जिल्हा नवा म्हणून मोसमाच्या सुरुवातीला खेळाडूंची नवी यादी करून पाठवायची होती. प्रत्येकाचं नाव, राहण्याचा पत्ता, तालुका, जिल्हा. त्या काळी सगळेच संघ दोन-तीन बाहेरचे गडी खोट्या नावानं खेळवायचे. मिलमध्ये पोत्यांवर बसून आपली बैठक झाली. जिलानी बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. तू सगळ्यांना बजावलंस, "आपला जिल्हा नवा हाय. पयल्याच यादीत खोटं नगं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी अर्ज माझ्या हातात दिलास, कारण संघात अक्षर माझं चांगलं. आणि आपण दोघंच होतो तेव्हा म्हणालास, "जिलानीचं गाव जुन्या जिल्ह्यात राहिलंय. त्याचा पत्ता मिलचा टाक. तीन वर्षं हितंच राहायलाय, त्यात खोटं काय न्हाई."

मी "हाव" म्हणालो.

अकरा नावं होती. जिलानीचं आलं तेव्हा मी त्याच्या खेड्याचं नाव लिहिलं, तालुका कळंब लिहिला आणि जुना जिल्हा लिहिला. शाईचा ठिपकासुद्धा सांडला नाही. त्याचं रेशन कार्ड तिकडचंच आहे, म्हणजे हेही खरंच, असं स्वतःला समजावलं. मला फक्त एक वर्ष हवं होतं. एक वर्ष पहिल्या पाचात. पंचविशी आली होती, घरातले लग्नाचं बघत होते, पुढं कोण खेळू देणार होतं? बाजाराचा दिवस होता, तुमच्या आडतीवर गाड्यांची रांग लागली होती. तू उभ्या उभ्या शेवटच्या पानावर सही केलीस, वरचं वाचलं नाहीस. वाचायचं कारणच काय, मी लिहिलं होतं ना. पाकीट मीच पेटीत टाकलं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मोसमाची पहिली स्पर्धा नांदेडला होती. एस.टी.तून उतरलो, मुक्काम विष्णुपुरीकडं, धरणाच्या कामावरचे ट्रक रस्त्यानं धुरळा उडवत जात होते. सकाळी आपण कपडे घालून तयार. मांडवातल्या टेबलावरच्या माणसानं यादीवर बोट ठेवून सांगितलं, "हा खेळाडू तुमच्या जिल्ह्याचा नाही." तू कागद मागून घेतलास. मी तुझ्या खांद्याशीच उभा होतो. तू वाचलंस. अक्षर ओळखलंस, ते न ओळखायला तू काय आंधळा होतास? तू किती तरी वेळ कागदाकडंच बघत राहिलास. माझ्याकडं मान वळवली नाहीस. मन्मथ, शिव्या दिल्या असत्यास, कानफटात मारली असतीस, तर मी सुटलो असतो.

तू टेबलवाल्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलास. पत्ता चुकून पडला, पोरगा लातुरातच राहतो, मिलचा दाखला मागवतो. त्यांचंही चुकलं नव्हतं, यादीत एकदा गेलेला पत्ता मोसमभर बदलत नसे. जिलानी सगळं ऐकत होता. पायात बूट, अंगात आपला निळा बनियन. तो तुझ्याजवळ आला.

"कप्तान, खोटं नगं म्हनलास म्हनं बैठकीत. मिलची खोली खोटी हाय का?"

तू म्हणालास, "सही माझी हाय, जिलानी. चूक माझी हाय."

"चूक न्हाई. तुझा नियम हाय. तू पानी बंद करनारा मानूस." त्यानं तिथंच बनियन काढून घडी घातली, तुझ्या हातात दिली आणि पिशवी उचलून स्टँडकडं चालू लागला. तू नुसतं बोट माझ्याकडं केलं असतंस तरी पुरे होतं. मी वाट बघत होतो, भीतही होतो. तू बनियन बॅगेत ठेवलास आणि मला म्हणालास, "दत्ता, गरम हो. पयल्या पाचात तू."

त्या दिवशी मी चांगला खेळलो, हे सांगायला आजही लाज वाटते. आपण जिंकलो. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढं तर आणखी वाईट झालं. जो खेळणार नाही त्याला ठेवून काय करू, म्हणून शेठनी जिलानीला कमी केलं. हे माझ्या हिशेबात नव्हतं, शप्पथ नव्हतं. पण असायला हवं होतं, मिलमधल्या आम्हा पोरांची नोकरी त्या चेंडूवरच तर होती. तसल्या वर्षात, शेतात काडी नसताना, तो पोरगा घरी जाऊन बसला. तू शेठशी भांडलास, उपयोग झाला नाही. त्याच्या गावाला दोनदा जाऊन आलास आणि दोन्ही वेळा तो घरातून बाहेरच आला नाही, हे मला फार वर्षांनी वहिनींकडून कळलं. मला तू यातलं अक्षर बोलला नाहीस. उलट रोज मला तासभर आधी बोलवायचास. त्या भेगाळलेल्या ग्राउंडवर टप्पा न घेता चेंडू कसा न्यायचा, डाव्या हातानं कसा टाकायचा, सगळं शिकवलंस. जिलानीचं सगळं माझ्यात ओतायचा प्रयत्न केलास. मला वाटायचं, आज बोलशील, उद्या बोलशील. तू म्हणायचास, "ढोपर वाकव."

मोसमाचा शेवटचा सामना आपल्याच ग्राउंडवर झाला. करंडकाचा. समोर जुन्या जिल्ह्याचा संघ आणि त्यांचा कप्तान जिलानी; तिकडच्या पत्त्यावर त्यांनी त्याचं नाव मोसमाच्या मध्यात वाढवून घेतलं होतं. सगळं यार्ड लोटलं होतं, पोरं पोत्यांच्या थप्प्यांवर चढली होती. तो असा खेळला की आपल्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरी आपण चिवटपणे लागून राहिलो. शेवटी एका गुणानं मागं, काही सेकंद हातात, चेंडू तुझ्याकडं. तू रिंगखाली होतास. तुझ्यासमोर एकच माणूस होता आणि तसले बास्केट तू झोपेत टाकायचास. तू चेंडू मला दिलास.

मी टाकला. चेंडू रिंगवर बसल्यासारखा थांबला आणि बाहेरच्या बाजूला पडला. जिलानीनं तो उचलून छातीशी धरला. शिटी झाली. तिसरा करंडक गेला.

मी खरंच मोकळा होतो का रे? मला नाही वाटत. मला वाटतं, मी जे केलं होतं त्याचं निदान काहीतरी चीज व्हावं, असं तुला वाटलं. चोरून घेतलेली जागा त्या एका बास्केटनं माझी होईल, असं वाटलं तुला. हेच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. चाळीसेक वर्षं मी तुला पासचं विचारत होतो ते यादीचं विचारायचं धाडस नव्हतं म्हणून. आणि तू पासचंच उत्तर देत राहिलास.

एकदाच तू जवळ आलास. तुझ्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला मला बसवलं होतंस. मी लिहीत होतो, तू मागं उभा राहून बघत होतास. म्हणालास, "अक्षर अजून तसंच हाय तुझं." मी पेनाला टोपण लावलं आणि थांबलो. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. तू आत हाक मारून चहा सांगितलास. मी तो चहा प्यायलो.

सामन्यानंतर जिलानीनं आपल्या सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशी जरा जास्तच घट्ट. तुझ्यासमोर आला तेव्हा हात मागं बांधून पुढं गेला. तो अबोला त्यानं शेवटपर्यंत पाळला. नंतर तो सोयाबीन घेऊन यार्डात यायचा तेव्हा तुमच्या दुकानावरून सरळ पुढं जायचा. आणि तू, प्रत्येक वेळी, गादीवरून उठून उभा राहायचास. गिऱ्हाईक समोर असलं तरी. तो वळून बघत नसे. मग तू बसायचास. मी समोर बसून हे कितीदा पाहिलं, याची मोजदाद नाही. एका वाक्याचं काम होतं, मन्मथ. जिलानी जिवंत, तू जिवंत, मी मधे बसलेलो, आणि ते एक वाक्य माझ्यानं झालं नाही.

नऊ दिवसांपूर्वी तुमच्या शेतात तुला पद्मासनात बसवलं, स्वामींनी मंत्र म्हटले, विभूती लावली, बेल वाहिला. लोक ओळीनं माती टाकत होते. त्या ओळीत मला जिलानी दिसला. दाढी पांढरी, गुडघा धरून चालणं. कुणी कळवलं कुणास ठाऊक. त्यानंही मूठभर माती टाकली आणि बाजूला झाला. लोक पांगले तेव्हा तो बांधावरच्या लिंबाखाली बूट घालत बसला होता. मी शेजारी बसलो.

"आलास, बरं केलंस," मी म्हणालो.

"मेल्यावर काय राग धरायचा," तो म्हणाला. "नियमाचा मानूस होता. मला नोकरीला मुकवलं, पन नियम धरला. मी आज माफ करून टाकलं त्याला."

ते ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तुला माफी! कशाची? मी म्हणालो, "जिलानी, ती यादी मी भरली होती. मन्मथनं तुझा पत्ता मिलचा टाकायला सांगितला होता. गावचा मी टाकला. तुझी जागा पाहिजे होती मला. त्यानं न वाचता सही केली."

त्यानं नाडी बांधायची थांबवली. विचारलं, "त्याला ठावं होतं?"

"नांदेडला टेबलावर कळलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मलाही बोलला नाही."

"आन् तू? तो जिता असताना का न्हाई सांगितलंस?"

"भ्यालो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

त्यानं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. माझ्याकडं एकदा बघितलं फक्त. मला तुझी माफी मागायची होती, मन्मथ, ती मी जन्मभर मागितली नाही, आणि आता मागतोय ती तुला पोचणार नाही. आभारही मानायचे होते. तू मला उघडं पाडलं नाहीस म्हणून माझं लग्न झालं, घर झालं, गावात मान राहिला. तो मान मी तुझ्या जिवावर वापरला.

जिलानी पायातले बूट पुन्हा काढून उठला. अनवाणी तुझ्याकडं गेला. त्या ताज्या मातीजवळ त्याला खाली बसता येईना. मी आधाराला धावलो, तर हात वर करून त्यानं मला बांधावरच थांबवलं. दोन्ही हात टेकून कसाबसा बसला आणि म्हणाला, "कप्तान." एवढं मला ऐकू आलं. पुढचं तो हळू आवाजात बोलू लागला, ते माझ्यापर्यंत आलं नाही. जाताना माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही. तुझ्याशी मात्र ऊन उतरेपर्यंत बोलत बसला होता.